‘सावधान’नंतरचा सूर

पितळेवर चिंच घासल्याचा वास आला, की नव्वदच्या दशकातलं लासुर्ण्याचं ते लग्न आठवतं. बँडमध्ये मी नवा होतो. शेवटचं ‘सावधान’ झालं, की फ्रेंच हॉर्नवर सगळ्यात वरचा सूर मी लावायचा. चुकलो तर उद्यापासून घरी, असं बँडमास्तरांनी बजावलेलं. पण मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद सुरू झाले. प्रत्येकानं ‘दोनच शब्द’ म्हणत मुहूर्त लांबवला आणि उन्हात माझे ओठ वाळून ताठ झाले. अक्षता पडल्या, मी फुंकलं, नुसती हवा निघाली. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या चाचांनी क्लॅरिनेटवर तोच सूर उचलला. मास्तर गरकन वळले, “हॉर्न का बंद पडला?” चाचा शांतपणे म्हणाले, “बंद कुठं, मास्तर? आज वरचा मी घ्यायचा, आमचं ठरलंच हुतं.” ठरलं काहीच नव्हतं. पण मास्तरांनी मान हलवली, मी बँडमध्ये राहिलो, आणि इतकं सुरेल खोटं आजतागायत पुन्हा कानावर आलेलं नाही.