खुर्चीबाईंचा नियम

शाळेत एआय शिरलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची पाचावर धारण बसली. विज्ञानाचे सर म्हणाले, सरळ बंदी घाला. मुख्याध्यापक म्हणाले, वापरा, पण मला विचारू नका कसं ते. भूगोलाच्या बाई तर प्रश्नपत्रिकाही त्याच्याकडूनच काढून घ्यायला लागल्या आणि उरलेल्या वेळात निवांत स्वेटर विणू लागल्या. डोकं चालवलं ते फक्त भाषेच्या बाईंनी. ते श्रेय त्यांचंच, कुणी काढून घेऊ नये.

नववीच्या वर्गाला त्या म्हणाल्या, "वापरा की! त्याला प्रश्न विचारा, त्याच्याशी भांडा, त्यानं लिहिलेल्यातला खोटेपणा मला काढून दाखवा. पण तुमच्या निबंधात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट हवी. आणि ती कुठं पाहिली, ते इथं बसून सांगायचं."

इथं म्हणजे फळ्याजवळच्या खुर्चीवर, वर्गाकडे तोंड करून. तेव्हापासून बाईंचं नाव पडलं खुर्चीबाई.

नियम फक्कड होता, यात वादच नाही. उसनं लिहिणारा त्या खुर्चीवर दोन वाक्यांत उघडा पडायचा. एका उंच पोरानं मासेमारीच्या होडीवर झकास निबंध आणला. बाईंनी विचारलं, "होडीत वास कसला येत होता रे?" तो म्हणाला, "ताज्या हवेचा." वर्ग खो खो हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या बाई. महिनाभर ते पोर 'ताजी हवा' म्हणून हिंडलं. पण हेही खरं, की मुलं आजूबाजूला बघायला लागली. यंत्रानं लिहिलेलं परिच्छेद-परिच्छेदानं फाडायला लागली. बाईंचा चांगलाच बोलबाला झाला.

त्याच वर्गात बाईंची भाची होती, सख्ख्या भावाची मुलगी. बाईंनी लग्न केलं नव्हतं, भाऊ-वहिनीकडेच राहायच्या. घरी 'आत्या, तू', शाळेत 'बाई, तुम्ही', असा शिरस्ता बाईंनीच पाडला होता. पोरगी गणितात ढ, खेळात शून्य, चारचौघांत तोंड उघडायची मारामार. तिला येत होतं ते फक्त लिहिणं, आणि ते तिला आत्यानंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून शिकवलेलं. ते गेलं तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

या खेपेचा विषय होता 'घरातलं आजारपण'. भाचीनं एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यावर लिहिलं. म्हातारा अंथरूण ओलं करतो म्हणून मुलगा संध्याकाळपासून पाण्याचा पेला कपाटावर नेऊन ठेवतो. म्हातारा ओठांवरून जीभ फिरवत कपाटाकडे बघत पडून राहतो. बस, एवढंच. खुर्चीवर बसून तिनं ते वाचून दाखवलं.

भाचीला जास्त सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून बाई मुद्दाम कडक झाल्या.

"कोण हा म्हातारा? कुठं पाहिलास?"

भाची मान खाली घालून बसली.

"अगं बोल की! शेजारचा? ओळखीतला? की एआयच्या गल्लीत राहतो?"

वर्ग हसला. भाचीचे कान लाल झाले. "पाहिलंय, बाई. पण सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही म्हणजे पाहिलं नाही!" बाईंनी निबंध टेबलावर आपटला. "जन्मदात्याला तहानलेला ठेवणारा मुलगा कुठल्या घरात असतो? अशी माणसं यंत्राच्याच डोक्यात असतात. शून्य. आणि वरून माझ्याच घरातलं पोर! लाज कशी वाटत नाही गं?"

भाची जागेवर जाऊन बसली. शाळा सुटेपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही, 'ताजी हवा'सुद्धा नाही.

जेवायला बसल्यावरही बाईंचा राग निवला नव्हता. भावाच्या ताटाकडे बघत त्यांनी सगळं रामायण सांगितलं. "आईचं मरेपर्यंत सगळं मी केलं. आजारी माणसाची सेवा काय असते हे हिनं याच घरात पाहिलंय. आणि लिहिते काय, तर म्हणे पेला कपाटावर ठेवतो! असा राक्षस असतो का कुठं?"

भावाचा घास हातातच राहिला. वहिनी वाढता वाढता थांबली.

"कपाटावर नाही, ताई," ती म्हणाली. "आईंच्या वेळी तुम्ही खिडकीत ठेवायचात."

बाईंना चादरी आठवत होत्या. रोजच्या ओल्या चादरी, दुखणारी कंबर, सकाळची शाळा. पेला त्यांना आठवतच नव्हता.

"खिडकीचं मी कपाट केलं," भाची म्हणाली. "आजीचा म्हातारा केला. तुला ओळखू येऊ नये म्हणून, आत्या."

एवढं बोलून ती ताटावरून उठली.

आता चूक निस्तरायची वाट एकच होती. ज्या वर्गापुढं पोरीची अब्रू घेतली, त्याच वर्गापुढं ती परत करायची. बाई दुसऱ्या दिवशी तेच ठरवून गेल्या. फळ्यापाशी उभ्या राहिल्या, घसा खाकरला. निबंध खरा होता म्हणायचं, तर कुठं पाहिलास याचं उत्तरही द्यावं लागणार होतं, आणि ते उत्तर त्या स्वतः होत्या. चाळीस डोकी वर झाली होती. 'ताजी हवा' समोरच्याच बाकावर बसला होता.

"पुस्तकं काढा," बाई म्हणाल्या.

भित्री बाई! दुसऱ्यांना खुर्चीवर बसवायला जीभ कशी सरसर चालायची.

पुढं दुसऱ्या शाळांचे शिक्षक खुर्चीचा नियम बघायला आले. मुख्याध्यापकांची छाती फुगली होती. नेमका त्या दिवशी भाचीचा नंबर होता. तिनं खणखणीत आवाजात निबंध वाचला. प्रेमळ आत्या, आजारी आजी, रात्रीचा दिवा, चमच्याचमच्यानं पाजलेलं पाणी. पाहुण्यांतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला.

सगळे खुर्चीबाईंकडे बघू लागले. नियम म्हणजे नियम. प्रश्न विचारणं भाग होतं.

"हे... कुठं पाहिलंस?"

भाचीनं मान खाली घातली नाही. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "घरी, बाई. माझी आत्या माझ्या आजीला असंच पाणी पाजायची. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी पूर्ण गुण दिले. दुसरं करणार काय?

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्याजवळ गाठलं. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. "का गं असं केलंस?"

"मी काही केलं नाही, बाई. एआयला सांगितलं, आत्या प्रेमळ होती असं लिही. त्यानं लगेच लिहून दिलं. कुठं पाहिलंस, असं विचारलंसुद्धा नाही."

मग ती मैत्रिणींबरोबर डबा खायला गेली. त्यानंतर तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली नाही, आणि घरीसुद्धा ती त्यांना बाईच म्हणायला लागली.