बेटाची पूर्व बाजू

ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने बेटाविषयी लिहू नये, हे मला कळतं. तरी लिहितो आहे, त्याबद्दल वाचकांनी समजून घ्यावं. आमच्या घरातून डिग्री कॉलेजात आलेला मी पहिलाच. नीट कसं लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही.

माझी ताई नर्स आहे. बोरी अरबजवळच्या आमच्या गावातून ती यवतमाळला आली, एका खाजगी दवाखान्यात लागली आणि मग मला कॉलेजसाठी बोलावून घेतलं. दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. यंदा तिला अंदमानातल्या एका लहानशा बेटावर कंत्राटी नोकरी मिळाली. ती गेली आणि खोली माझ्याकडे राहिली.

पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर तिने गावाकडे आणि मला असा एकत्र फोन लावला. बेटावर दोन आरोग्य उपकेंद्रं होती आणि दोन्हीकडे राहायला खोली. कोणतं घ्यायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं होतं.

"एक पश्चिमेले हाय, बोटी लागते तिथं," ती म्हणाली. "दुसरं जंगलाच्या पलीकडं, पूर्वेले."

"पश्चिमेचं कायले घेतं?" बाबा लगेच म्हणाले. "दुपारून भिंत अशी तापते का रात्रभर झोप नाही येत."

"बाबा, इथं चारही बाजूनं पाणी हाय."

"पाणी असू दे नाही तं धरण असू दे. सूर्य तं तोच हाय नं!"

आई मागून म्हणाली, "मावळतीकडं तोंड असलेलं घर नकोच बाप्पा."

ताई हसली. "तू बोल नं रे भूगोलवाल्या. का फक्त परीक्षेपुरताच हाय तुहा भूगोल?"

मी नकाशा उघडला. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेचा किनारा जास्त झोडपला जाणार. मी म्हणालो, "पूर्वच घे." पहिल्यांदाच माझं शिक्षण आणि बाबांचं म्हणणं एकाच बाजूला आलं होतं. मला बरं वाटलं.

आमच्याकडे घर पाहायला गेलं की आधी पश्चिमेची भिंत पाहतात. एप्रिल-मे काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मोबाइलचा टॉवर कुठल्या बाजूला आहे, हे कोणीच विचारलं नाही. तो पश्चिमेला होता. ताईलाही हे तिथं राहायला गेल्यावर कळलं.

सुरुवातीला ती रविवारी जीपने पलीकडे जाऊन फोन करायची. तिथं पाचलाच अंधार पडतो म्हणायची, म्हणून घाईघाईत बोलायची. मग पावसात जंगलातला रस्ता वाहून गेला आणि फोन थांबले.

मी मात्र तिला मेसेज पाठवत राहिलो. प्रॅक्टिकल झालं. घरमालकीणबाईंनी तुझी आठवण काढली. नळ आला, पण आता एकच ड्रम भरतो, दुसरा उलटा करून ठेवला आहे. प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक दिसायची. वर्गात माझे मित्र नाहीत असं नाही, पण ते गावाकडून ये-जा करतात, दुपारच्या एसटीने परत जातात. संध्याकाळी खोलीत मी मोठ्याने वाचायचो, कोणाचा तरी आवाज असावा म्हणून.

आई रोज विचारायची, "आला का फोन?"

"नाही. पण बरी असंल."

"तुले कसं मालूम?"

तिथलं हवामान मी रोज पाहायचो. पाऊस, ढग, पाऊस. पण त्यात माणसाची खबर नसते. ती आजारी पडली तर तिला तपासणार कोण, हा विचार मी आईजवळ कधी बोललो नाही.

परवा लायब्ररीत असताना सगळ्या मेसेजपुढच्या टिक्स एकदम निळ्या झाल्या. मी पुस्तक तसंच टाकून बाहेर पळालो. तिचाच फोन आला.

"बरी हाय मी," ती म्हणाली. "रस्ता झाला. तू जेवून राह्यला का नीट?"

मी हो म्हणालो.

"आयक. ऑफिसवाले इकडची, पश्चिमेची जागा देऊन राह्यले होते, टॉवरजवळची."

"मग कधी येतं टॉवरकडं राहाले?"

मागे बोटीचा भोंगा वाजला.

"नाही म्हटलं मी. तिकडं पूर्वेले दोघी जणीचे दिवस भरत आले, अन् बाळंतपणाले माह्याशिवाय दुसरं कोणीच नाही रे. अजून एक वर्ष पूर्वेलेच राहीन. आईले तूच सांग."