अल्हंब्रातलं पाणी

आम्ही तिघं अल्हंब्रा राजवाड्याच्या दारात उभे होतो, तेव्हा आईला जाऊन काही तास झाले होते. तिघांपैकी दोघांना ते ठाऊक होतं. मला नव्हतं.

मैत्रीण पुण्यातल्या कॉलेजपासूनची. आता ती नवऱ्याबरोबर कॉव्हेंट्रीत राहते, मी ब्रिस्टलला. स्पेनच्या सुट्टीचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी परतीचं विमान. माझ्या भावाने पहाटे पुण्याहून तिला फोन केला. आई झोपेतच गेली होती. आज निघाली तरी ही उद्याशिवाय पोचत नाही आणि आम्ही दुपारीच नेणार, असं तो म्हणाला. परक्या विमानतळावर रडत बसायला नको, घरी पोचली की सांग. त्याने तिला शपथ घातली. हे सगळं मला नंतर कळलं.

"पासपोर्ट हातात ठेव," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. तिकिटं त्यानेच काढली होती, नावानिशी; दारात पासपोर्ट बघतात. आदल्या दिवशी तो माझ्या फोटोंवरून छळत होता. "मॅडम, इथला राजा राज्य सोडून गेला तो तुमच्या फोटोंना कंटाळून." त्या सकाळी मात्र त्याने माझी बॅग उचलली आणि प्रत्येक कमानीपाशी न सांगता थांबला.

आत भिंतीभर अरबी अक्षरं कोरलेली आहेत. एका चौकात बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंजं आहे आणि फरशीतल्या अरुंद पाटातून पाणी थेट खोल्यांपर्यंत जातं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती म्हणाली होती, "फोटो नको गं, मला धड दिसत नाहीत. पाण्याचा आवाज पाठव." मी वाकून फोन पाटाजवळ धरला, रेकॉर्ड केलं, पाठवलं.

"कुणाला?" मैत्रिणीने विचारलं.

"आईला. अजून कुणाला?"

ती खांबाकडे वळली. मला वाटलं, नक्षी बघते आहे.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'छान. जेवलीस का?' आई कधी टाईप करत नसे, बोलूनच निरोप पाठवायची. भाचीकडून लिहून घेतलं असेल, असं मी धरून चालले.

बाहेर पडल्यावर मैत्रिणीने मला जेवायला बसवलं. बटाट्याचं ऑम्लेट, ब्रेड, परत ऑम्लेट.

"आणि तुम्ही?"

"पोट ठीक नाही."

"दोघांचंही? काल चुरोजच्या दोन प्लेटी कुणी संपवल्या?"

"खा गं मुकाट्याने."

ब्रिस्टलला पोचलो तेव्हा उन्हाळ्यातला उजेड अजून होता. त्यांची गाडी माझ्या दाराशी होती. मला सोडून ते निघतील असं वाटलं, पण दोघंही आत आले. मैत्रिणीने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं.

"नेलं कधी?" मी विचारलं.

"आपण जेवायला बसलो तेव्हा."

घरात माणूस गेलं की नेऊन येईपर्यंत आमच्याकडे कुणी जेवत नाही. कॉलेजात असताना मैत्रिणीचा डबा माझी आई करून द्यायची. ते दोघं तिच्यासाठी उपाशी राहिले होते.

"सकाळी सांगितलं असतं तर तू पाण्याचा घोटही घेतला नसतास," ती म्हणाली. "कसं नेलं असतं तुला घरी?"

"फोनवर तोंड तरी दिसलं असतं तिचं."

नवरा उठून किटली भरायला लागला.

मी भावाला फोन लावला. तो जागाच होता. तो मेसेज कुणी लिहिला, विचारलं.

"मी. तिने तेच विचारलं असतं ना." मग म्हणाला, "तू पाठवलेलं पाणी लावलं होतं. तिच्या उशाशी. न्यायच्या आधी."

 

"जेवले होते मी," मी त्याला सांगितलं.