दादाच्या बोटीचं प्रेशर

आमच्या घरात पाण्याचं काम करणारी मी एकटीच, असं मी कित्येक वर्षं समजत होते. आयटीआयला पंप मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते. पुढं ठिबकच्या दुकानात लागले, आणि भोकरदनच्या आसपासच्या कितीतरी शेतांत ठिबकचे संच बसवले, बिघडलेले दुरुस्त केले. शेवटच्या नळीला पाणी का पोचत नाही, मोटर चालू असून प्रेशर का नाही, हे शोधणं हेच माझं काम.

मोठा भाऊ फौजेत होता. पूल बांधणाऱ्या आणि बोटी चालवणाऱ्या तुकडीत त्याची चोवीस वर्षं गेली. सुटीवर यायचा, आईजवळ बसायचा, परत जायचा. तिथं तो नेमकं काय करतो हे मी कधी विचारलं नाही, आणि मी काय करते हे त्यानंही कधी विचारलं नाही. दोघंही पाण्यातच काम करतो हे मला कळलं ते त्यानं रिटायर झाल्यावर बोट आणली तेव्हा.

बोट कोकणातून आली, ट्रकवर. वापरलेली होती, पण साधी नव्हती. अरुंद, टोकदार, शर्यतीच्या घाटणीची, आणि मागं नव्वद हॉर्सपॉवरची मोटर. केदारखेड्याकडून आमच्या गावाला वळलं की तलाव लागतो. देवीच्या दर्शनाला पिंपळगावला येणारे लोक तिथं थांबतात. त्यांना चक्कर मारून आणायची, आणि पुराच्या दिवसांत कुणी अडकलं तर जायचं, असा दादाचा विचार होता. परवानगीचे कागद त्यानं फौजी चिकाटीनं पूर्ण केले. दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरली.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला.

"बाई, तुझं काम निघालं. बोट गरम होऊन राह्यली. पाण्याचं प्रेशर पडतंय."

"बोटीला प्रेशर कशाचं?"

"रविवारी ये. दाखवतो."

रविवारी सकाळी मी स्कूटीवर गेले. तलावाच्या काठाला हरभरा घाट्यांवर आला होता आणि पाणी बरंच मागं सरलं होतं. दादानं मोटर वर उचलून मला दाखवली. ही मोटर बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकलेली असते. तिला गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली पंख्याच्या थोडं वर जाळीची भोकं असतात, तिथून ती तलावाचंच पाणी ओढते. रबरी पात्यांची एक लहान चक्री ते पाणी वर ढकलते, ते इंजिनभर फिरतं आणि गरम होऊन बाहेर पडतं. पाणी कमी पडलं तर इंजिन जळतं. म्हणून चालवणाऱ्याच्या समोर प्रेशरचा काटा असतो.

"हे तर आपलं ठिबकच झालं," मी म्हणाले.

"म्हणून तर तुला बोलावलं."

मी आयुष्यात कधी बोटीत बसले नव्हते. पोहता येत नाही. दादानं मला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे ओढून बघितले आणि समोरच्या सीटवर बसवलं. बोट हळू चालली होती तोवर ठीक होतं. मग त्यानं वेग वाढवला आणि पुढचं टोक वर उठलं. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. दादा ओरडून सांगत होता, "काट्याकडं बघ!" मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा काटा शून्याजवळ होता आणि भोंगा वाजत होता. त्यानं मोटर बंद केली. तलावाच्या मधोमध एकदम शांत झालं.

मग वल्ही काढली. काठापर्यंत यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात दादा मला पहिल्यांदाच त्याच्या नोकरीबद्दल बोलला. कुठल्या नदीवर रात्रीतून पूल टाकला, कुठं बर्फाच्या पाण्यात उभं राहून दोर धरला. मी वल्हं मारत ऐकत होते. मला वल्हं नीट मारता येत नव्हतं, आणि त्यावरून तो दोनदा हसला.

माझी कामाची एक सवय आहे. प्रेशर कमी दिसलं की आधी काट्यावर शंका घ्यायची. शेतात निम्म्या वेळा गेजच खराब निघतो. पुढच्या रविवारी मी दुकानातला नवा गेज नेला, ठिबकची बारीक नळी जोडून तो बोटीच्या गेजच्या शेजारी बसवला आणि पुन्हा चक्कर मारली. या वेळी डोळे उघडे ठेवले. वेग वाढला तसं प्रेशर चढलं, एक किलोच्या जवळ गेलं (प्रेशर आम्ही किलोतच मोजतो), आणि पूर्ण वेगात दोन्ही काटे बरोबरच खाली आले. म्हणजे काटा खरं बोलत होता.

मग मोटरचा खालचा भाग उतरवून पंप उघडला. चक्रीची पाती एका बाजूला वाकून राहिली होती, एकाला चीर होती. खालच्या स्टीलच्या चकतीवर रबर फिरून फिरून खोल रेघा पडल्या होत्या. दादाचा चेहरा खुलला. "हेच," तो म्हणाला. नवी चक्री त्यानं मुंबईहून मागवली. चकती मात्र मिळत नव्हती, ती घेऊन मी जुन्या जालन्यात चाचांकडं गेले.

चाचा म्हणजे पंपांचे जुने कारागीर. धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, रिक्षा आत जात नाही, चालतच जावं लागतं. मी नवीन होते तेव्हा पंपाचं सील कसं बसवायचं ते त्यांनीच मला शिकवलं. चकती त्यांनी चष्मा वर करून उजेडात धरली, नखानं रेघा तपासल्या, आणि काटा कधी चढतो, कधी पडतो ते मला विचारून घेतलं.

"ही तर मी बराबर करून देतो, बेटी. पन मर्ज हा न्हाई."

"कसं काय?"

"घासलेला पंप सगळीकडंच कमी देतो. हळू चालवा, जल्दी चालवा, कमीच. तुझा पंप किलोपर्यंत चढतो आन मंग एकदम पडतो. त्याला पानी मिळून न्हाई राह्यलं. आधी त्याला पानी मिळतंय का ते बघ."

मी मान हलवली, पण मनावर घेतलं नाही. झिजलेला भाग डोळ्यांनी पाहिला होता ना. चाचांनी काचेवर पेस्ट लावून, तिच्यावर घासून चकती आरशासारखी सपाट केली, आणि मी खुशीत परत आले.

पंप जोडला. हळू वेगात प्रेशर आधीपेक्षा चांगलं आलं. पूर्ण वेगात पुन्हा पडलं. पुन्हा वल्ही.

त्या दिवशी परतताना दादानं दोन्ही वल्ही स्वतःच मारली. काठावर वहिनी चहाची किटली घेऊन आली होती. तिनं दोघांची तोंडं बघितली आणि कप पुढं केले.

"विकून टाकतो," दादा म्हणाला.

"टाका," वहिनी म्हणाली. "पन आधी नीट तर करा. बिघडलेली कोन घेतंय?"

मग आम्ही उरलेलं सगळं एकेक करून तपासलं. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट काढून वहिनीच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि ते तापवलं. पाणी तापल्यावर तो हळूच उघडला, थंड झाल्यावर मिटला. वहिनी वाकून बघत होती. म्हणाली, "हा तर जित्ता असल्यागत करतो." ते पातेलं तिनं नंतर घरात घेतलं नाही. प्रेशरच्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचे चार कण निघाले, ते साफ केले. शेवटी जुनी प्लॅस्टिकची टाकी वरून कापली, पाण्यानं भरली, बोट ट्रॉलीवर असतानाच मोटर तिच्यात बुडवली आणि पंखा काढून चालवली. रेस वाढवली तसा काटा चढला आणि तिथंच राहिला. दहा मिनिटं आम्ही त्याच्याकडं बघत उभे होतो. हलला नाही.

टाकीत बरोबर, तलावात नाही. तेव्हा मला चाचांचं बोलणं आठवलं.

पुढच्या रविवारी मी दादाला म्हणाले, "आज एकदम वेग वाढवू नको. थोडा थोडा वाढव. मी फक्त काट्याकडं बघते."

त्यानं तसं केलं. काटा चढत गेला. बोटीचं टोक वर आलं, मग बोट सपाट होऊन पाण्यावरून घसरू लागली. आणि मला दिसलं की काटा पडायच्या आधी थरथरतोय. बारीक, सारखा. हे थरथरणं मी ओळखते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह उघडा पडायला लागतो. पंप लगेच कोरडा पडत नाही. आधी पाण्यासोबत थोडी हवा ओढतो, तेव्हा काटा असाच थरथरतो.

"बंद कर," मी म्हणाले. "दादा, तुझी मोटर हवा ओढून राह्यली."

"पान्यात बुडून हवा कुठून ओढंल?"

"बोट उभी असती तेव्हा बुडलेली असती. पळायला लागली की उचलती. मंग मोटरची जाळी पान्याच्या वर येत असंल. ही मोटर एवढी उंच बसवूनच आल्ती का?"

दादानं वल्हं उचललं, खाली ठेवलं.

"फळीवर बोल्टांची दोन भोकं सोडून मोटर वर घेतली मी," तो म्हणाला.

"कधी?"

"पहिल्याच महिन्यात. खाली बाभळीच्या खुंटाला पंखा लागला. पानी उतरून राह्यलं होतं. म्हटलं मोटर वर घेऊ, म्हंजे लागनार न्हाई. चेन पुली लावून एकट्यानंच घेतली."

"मंग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलं न्हाई."

बोट आपोआप थोडी फिरली. मग तोच बोलला.

"लाज वाटली, बाई. चोवीस वर्षं बोटी चालवल्या, आन गावच्या तळ्यात खुंटावर घातली. तिकडं इंजिनाचं बघायला दुसरे लोक असायचे. आपन फक्त चालवायची. वर घेतल्यानं पान्याला अडचन होईल हे डोक्यातच आलं न्हाई."

मला राग आला होता, तीन रविवार गेले होते. पण दादाला काही येत नाही असं दादाच्याच तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी विहिरीत उडी मारणारा तो, काठावर कपडे सांभाळत बसणारी मी. राग टिकला नाही. मी म्हणाले, "मला तर वल्हंबी मारता येत न्हाई," आणि तो हसला.

त्याच दुपारी मोटर बोल्टाचं एक भोक खाली घेतली. सरळ पळताना काटा टिकला, वळणावर थरथरला. दुसरं भोकही खाली घेतलं. मग दादानं बोट पूर्ण वेगात सरळ नेली, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. काटा किलोच्या वर चढला आणि जागचा हलला नाही. मी कठडा सोडून टाळी वाजवली हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता खुंटांचा प्रश्न राहिला. मोटर खाली आली म्हणजे पंखा पुन्हा लागणार. दादा म्हणाला, पाण्याखालचं कसं शोधायचं? वहिनी चहा गाळत होती. म्हणाली, "शोधायचं कशाला? तिथं आमचा बांध होता."

तिचं माहेर याच तलावाकाठचं. ती लहान असताना तलाव झाला आणि तिच्या चुलत्यांचं शेत पाण्यात गेलं, हे आम्हाला माहीत होतं. त्या शेताच्या बांधावर बाभळी होत्या, हे मात्र माहीत नव्हतं; आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सुटी घेतली. वहिनीला जॅकेट घातलं, बोटीत बसवलं आणि वल्ह्यांनी हळूहळू निघालो. काठावरच्या लिंबाकडं आणि पलीकडच्या टेकडीकडं बघून ती हातानं जागा दाखवत गेली. "हितं वळायचा बांध. हितं एक. अजून पुढं, दोन जोडीनं होत्या." दादा बांबूनं टोचून बघायचा. जिथं ती म्हणाली तिथंच बांबू ठक्कन लागायचा. सात खुंट सापडले. प्रत्येकाला दोरीनं निळा रिकामा डबा बांधला. ती सारखी मागं वळून डब्यांची रांग बघत होती. बांध पुन्हा दिसायला लागला होता.

पुढच्या रविवारी चाचांना बोलावलं. ते एसटीनं आले, पांढरा कुर्ता घालून, चाचींसाठी फोटो काढायचा म्हणून मोबाइल वरच्या खिशात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"चाचा, तुम्ही बराबर बोलले होते. त्याला पानीच मिळून राह्यलं नव्हतं."

"चकतीबी बराबर झाली होती ना?"

"बिलकुल."

"मंग झालं," ते म्हणाले आणि टोपी हातात धरून पुढच्या सीटवर ताठ बसले.

वहिनीही जॅकेट घालून चढली. डब्यांच्या रांगेपासून लांब राहून दादानं तलावाला दोन मोठ्या चकरा मारल्या. मी काट्यासमोर बसले होते, पण फार वेळ बघायची गरज पडली नाही. पाण्यावरून बदकांचा थवा उठला, चाचांनी त्याचा फोटो काढला, तो हलला, त्यांनी पुन्हा काढला. बोट काठाला लागली तरी वहिनी उठेना.

"उतरायचं न्हाई का?" दादानं विचारलं.

"आता मला चालवू द्या," ती म्हणाली.

दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग उठून तिला जागा दिली.