जिच्यावाचून ठाणं अडायचं

ठाण्यात तिला सगळे झडतीताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते पगाराच्या दिवशीच वाचलं जायचं. पकडून आणलेल्या बाईची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा, आणि त्या ठाण्यात बाई म्हणून ही एकटी. सोळा वर्षं हेच काम. आधी तळहात घासून गरम करायचे, मग केसांपासून सुरुवात. हात फिरत असताना तोंडाने घरदार, मुलंबाळं विचारत राहायची, म्हणजे समोरची जरा सैल पडते. केसांतून पातं, परकराच्या शिवणीतून अंगठ्या, एकदा तर बाळाच्या दुपट्यातून मोबाईल, असं काय काय तिने काढलं होतं. सुट्टी असली तरी जीप दारात यायची. एकदा ती दातात अर्धवट भरलेलं सिमेंट घेऊन दवाखान्याच्या खुर्चीतून उठून आली होती.

परदेशातल्या शांतिसेनेसाठी पोलीस हवेत, ही बातमी तिला कळली ती हवालदाराकडून. तो स्वतः वर्षभर तिकडे राहून आलेला, म्हणून त्याला 'परदेशी' म्हणत. सोमवारी त्याने सहज विचारलं, ताई, अर्ज भरलात का, शुक्रवारी पाच वाजता मुदत संपते. कसला अर्ज, म्हणाली ही. नोटीस लावून बारा दिवस झाले म्हणे. कुठे? तर पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत. तिथे ही कशाला जाईल?

पण परदेशीनेच पूर्वी सांगितलेली एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. तिकडे तंबूंची वस्ती होती. पाण्याच्या वाटेवर बायकांना त्रास होतो अशी कुणकुण होती. हे लोक जाऊन विचारायचे, बायका खाली बघायच्या. मग अहवालात लिहायचं, 'तक्रार नाही'. अकरा महिने तसंच. बाराव्या महिन्यात दुसऱ्या कुठल्याशा देशाची एक पोलीसबाई आली आणि आठवड्यात तिची वही तक्रारींनी भरली.

"आम्ही अकरा महिने खोटं लिहीत होतो, ताई," परदेशी म्हणाला होता, "आणि खोटं लिहितोय हे आम्हाला ठाऊकही नव्हतं."

वयाची अट होती. पुढच्या वर्षी ती त्या अटीच्या पलीकडे जाणार होती. म्हणजे हा शुक्रवार, नाहीतर कधीच नाही.

अर्जावर ठाणेदाराची ना हरकत लागत होती. ठाणेदार माणूस वाईट नव्हता, आणि तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी दोन हात करता येतात. पाठीवरून फिरणारा हात झटकायचा कसा? तो म्हणाला, ताई, तुम्ही गेलात तर माझं ठाणं लंगडं होईल. हे वाक्य ती सोळा वर्षं ऐकत होती. एवढ्या लाडक्या माणसाला बढती मात्र एकदाही मिळाली नव्हती. मग त्याने नवऱ्याचं संमतिपत्र मागितलं. कागदपत्रांच्या यादीत तसलं काही नव्हतं. तिने परदेशीला विचारलं, तुझ्या बायकोने सही केली होती का रे? तो बुटांकडे बघत म्हणाला, तिला तर मी तिकीट हातात आल्यावर सांगितलं.

ठाणेदाराने परस्पर तिच्या नवऱ्यालाच फोन लावला. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दाजी, दाजी करत ठाणेदाराने बरंच समजावलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, ती लग्नाच्या आधीपासून नोकरीत आहे, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आता मी परवानगी कुठून आणू? म्हणून तो काही देवमाणूस नव्हे. घरी आल्यावर दोन दिवस फुगून बसला. वर्षभर सकाळी दूध मीच तापवायचं का, म्हणाला. तेरा वर्षांची लेक म्हणाली, बाबा, गॅस तुम्हाला ओळखतो तरी का? त्यावर तो हसला आणि प्रकरण तिथेच मिटलं.

बुधवारी ती ठाणेदारासमोर उभी राहिली. नाही म्हणताय ना, मग तसं लेखी द्या. तो दुखावला. पण अक्षर सुंदर, त्यामुळे लिहायचा मोह. रकान्यात त्याने लिहिलं : 'यांच्यावाचून ठाण्याचे काम अडेल, सबब सोडता येत नाही.' शाबासकी लेखी मिळाली ती ही अशी. पण हरकत लेखी असली की अर्ज मुख्यालयात मोठ्या साहेबांपुढे नेता येतो, एवढं तिने वाचून ठेवलं होतं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती मुख्यालयात बाकावर जाऊन बसली. साहेब बैठकीत होते. साडेतीन वाजता ठाणेदाराचा फोन आला. कापडाच्या दुकानातून एक बाई पकडून आणलीय, पोटावर काहीतरी बांधलंय, जीप पाठवतोय, लगेच या.

जावं तर परत येईपर्यंत पाच वाजून जाणार. न जावं तर ती बाई संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहणार, भोवती सगळे पुरुष, संडासला जायचं म्हणायचीही चोरी. झडतीताईच्या तोंडाशी एक सणसणीत वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं आणि समोर बघितलं. समोर टेबलावर फोन उचलत बसलेली शिपाई बाई, आणि शेजारी पाहुण्यांना कोचावर बसवणारी दुसरी. दोघींची नावं कुठल्या पटावर होती? हिच्याच ठाण्याच्या. बायकांच्या मंजूर जागा तीन, त्यांतल्या दोघी सहा वर्षं इथे 'तात्पुरत्या'.

"साहेब, मला नेऊ नका," ती शांतपणे म्हणाली. "त्या बाईलाच इकडे पाठवा. आपल्या ठाण्याच्या दोघी इथे बसल्यात."

वीस मिनिटांचा तर रस्ता, ती पुढे म्हणाली, बाई ताटकळणार नाही आणि कामही कायद्याने होईल. ठाणेदाराला ते मानावं लागलं.

परदेशी त्या बाईला घेऊन आला. साठीची, बारकी, पण पोट मात्र आठव्या महिन्याचं. फोनवालीने सहा वर्षांत एकही झडती घेतली नव्हती. झडतीताईने कसं करायचं ते सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर थांबली. आत गेली असती तर हिच्यावाचून अडतं हेच खरं ठरलं असतं. आतून फोनवालीचा आवाज आला, आजी, मुलं किती? मग हिचा जीव भांड्यात पडला.

बाहेर टेबलावरचे तिन्ही फोन कोकलत होते. ते ऐकून मोठे साहेब दालनातून बाहेर आले. पाहुण्यांच्या कोचावर परदेशी बसलेला. पाठोपाठ आजीच्या पोटावरून निघालेल्या दोन चादरी आणि एक उशीचा अभ्रा टेबलावर आला. स्वागतवालीने आजीला कोचावर टेकवून चहा दिला. आजी साहेबांना म्हणाली, इथे बरं आहे हो, तिकडे पाणीसुद्धा विचारलं नाही.

हे काय चाललंय, असं साहेबांनी विचारल्यावर झडतीताईने अर्ज पुढे केला. त्यांनी ठाणेदाराचं सुंदर अक्षर वाचलं.

"तुमच्या ठाण्यात बायकांची पदं किती?"

"तीन, साहेब."

"मग बाकीच्या दोघी कुठे?"

फोनवालीच जप्तीची यादी हातात धरून पुढे आली. "मी एक, साहेब. ही दुसरी."

साहेब फोनकडे बघत म्हणाले, मग इथे फोन कोण उचलणार? मागच्या टेबलावरचा कारकून इतकी वर्षं गप्प होता. तो म्हणाला, मला येतो उचलता, साहेब. आणि उचललासुद्धा.

साहेबांना न्यायाचा उमाळा वगैरे आला नव्हता. माझ्या कोचावर पुन्हा आरोपी नको, असं म्हणून त्यांनी दोघींना ठाण्यात परत पाठवायचा आदेश काढला आणि हरकतीखाली 'अमान्य' लिहून सही ठोकली. पाचला वीस कमी असताना अर्ज जमा झाला. शिक्का मारणारा म्हणाला, महिन्याने परीक्षा. भाषा, नेमबाजी आणि गाडी. गाडी येते ना?

तिला यायची नाही. सोळा वर्षं तिला जीपमध्ये मागेच बसवलं होतं, आरोपी बाईच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा ड्रायव्हर आपल्या भावाची जुनी गाडी घेऊन रिकाम्या मैदानावर आला. पहिल्या अर्ध्या तासात गाडीने इतके हिसके दिले की त्याने डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला.

"ताई, क्लच आहे तो, पळणारा चोर नाही. जरा सावकाश सोडा."

तिने सावकाश सोडला. गाडी थरथरली, बंद पडली नाही, आणि पुढे निघाली.