न धुतलेली द्राक्षं

ऊन उंबऱ्यावरनं खाली उतरलं होतं आणि आम्ही दोघं नवरा-बायको पायरीवर बसून द्राक्षं निवडत होतो. मध्ये पाटी. फुटलेला, मुंगी लागलेला, हिरवा राहिलेला मणी काढायचा आणि घड परत ठेवायचा. तिच्या उजव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. ती घड देठाला धरून उचलायची, उजेडात फिरवून बघायची आणि खराब मणी कात्रीनं कापायची. मण्याला बोट लावायची न्हाय. दहा वर्षं ती असंच करत आली होती.

मधेच थांबून तिनं विचारलं, "अवो, त्या साली फादर खरं काय म्हणलं हुतं?"

"कुठल्या साली?"

"द्राक्षं नासली त्या साली."

कुठल्या साली ते मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हणलो, "सांगतो की. आधी पाटी हू दे. सकाळी सातची गाडी गाठायची हाय."

"सांगा म्हंजे झालं," ती म्हणाली. खोकली आणि पुढचा घड उचलला.

पाटी अर्धी झाल्यावर तिला धाप लागली. "पडते जरा," म्हणून आत गेली. उरलेले घड मी निवडले. संध्याकाळी तिनं दुधात कुस्करून चतकोर भाकरी खाल्ली. सकाळी चहा ठेवून मी हाक मारली, तर ती उठली न्हाय.

फादर काय म्हणले होते ते आता लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय न्हाय. पण ज्याला सांगायचं होतं ते माणूस गेलं, आणि लेकीला तोंडानं सांगायला मला जमलं न्हाय.

निपाणीत आमचं घर होतं. ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची, खोकला तिथलाच. मी फळांच्या टेम्पोवर हमाल होतो. चिकोडीच्या पुढच्या मळ्यांतली द्राक्षं भरायची, संकेश्वरावरनं बेळगावला न्यायची, बाजारात उतरवायची. तिथं एक म्हातारे फादर यायचे. पांढरा झगा, पायात साध्या चपला. दुसरी गिऱ्हाइकं द्राक्ष तोंडात टाकून बघायची. हे घड डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि वास घ्यायचे.

एकदा व्यापाऱ्याला त्यांनी विचारलं, "ही कोणत्या मळ्यातली? यावर फवारणी केव्हा झाली?"

व्यापारी म्हणला, "फादर, तुमाला द्राक्षं खायाची हायत का सोयरीक करायची हाय?"

बाजार हसला. मी पेटी उतरवता उतरवता म्हणलो, "ह्यावर मोरचूद मारलंय. परवाच. भरताना माझे हात निळं झालं हुतं."

व्यापाऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की त्या दिवशी मला चहा मिळाला न्हाय. पण फादरनी मला बाजूला घेतलं. ते चर्चसाठी स्वतः वाईन करायचे. वेदीवर जी वाईन ठेवतात ती नुसत्या द्राक्षाची लागते. साखर न्हाय, पाणी न्हाय, रंग न्हाय, औषध न्हाय. द्राक्षाशिवाय त्यात काही म्हणजे काही पडायचं न्हाय. अशी द्राक्षं दरसाल शोधून आणाल काय, म्हणले.

मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "दारूची द्राक्षं? आपुन पंचशील घेतलंय न्हवं?"

"आपुन तोडायची. प्यायची त्यांनी."

"त्यांच्या देवाच्या म्होरं ठेवत्यात?"

"व्हय."

ती म्हणाली, "मग मी बी येते. तुमाला चांगलं-वाईट कळत न्हाय."

हे खरं होतं. पारख तिचीच. माघ सरता सरता आम्ही दोघं मळे हिंडायचो. ती मालकाला काही विचारायची न्हाय, आधी वेलीखाली जाऊन उभी राहायची. औषधामुळं गांधीलमाशी फिरकत नसेल त्या मांडवाखालनं परत फिरायची. पानाच्या मागची बाजू बघायची. देठापाशी निळे ठिपके वाळलेले असले तर, "मोरचूद हाय, चला." मणी लई टपोरा असला तर, "पानी पिऊन सुजलाय." शेवटी एका आण्णाच्या मळ्यात तिला जुन्या काळ्या द्राक्षाच्या चार ओळी सापडल्या. बारीक मणी, जाड साल, आत बिया. बाजारात कोण विचारत न्हाय म्हणून आण्णानं त्यांना औषध मारायचं सोडून दिलं होतं. कीड पडली तर तंबाखूच्या कांड्या भिजवून ते पाणी शिंपडायचा, तेही फुलोऱ्याच्या आधी. मण्यांवर पांढुरकं पीठ असं बसलेलं की बोट लावलं तर ठसा उमटावा.

आण्णा म्हणला, "बाई, ही द्राक्षं न्हेऊन काय करनार? गुरं बी खाईनात."

ती म्हणाली, "तुमची गुरं न्हाय खात, त्यांचा देव खातोय."

पहिल्या साली ती द्राक्षं आम्ही घरी आणली. मी टेम्पोवर गेलो होतो. तिनं चूल पेटवली, पाणी ऊन केलं, त्यात मीठ आणि हळद घातली आणि पाटीभर द्राक्षं तीनदा धुतली. एकेक घड फडक्यानं पुसला. मी आलो तर सगळी काळी कुळकुळीत चमकत होती.

"आता कशी दिसत्यात?" ती म्हणाली.

मी म्हणलो, "लई बेस."

तिनं का धुतली हे मला कळत होतं. लहानपणी ती मोळ्या विकायची. गल्लीतल्या बाया हिच्या डोईवरची मोळी खाली टाकायला लावायच्या, लाकडांवर पाणी शिंपडायच्या आणि मग आत न्यायच्या. ती हे हसून सांगायची, "वाळली लाकडं भिजवून चुलीत घालायच्या. धूर त्यांच्याच डोळ्यात." हसून सांगायची, पण आमच्या घरातनं कुणाला भाजीची जुडी जरी द्यायची झाली तरी ती धुतल्याशिवाय द्यायची न्हाय. आणि ही तर दुसऱ्यांच्या देवाला जायची होती.

पंधरा-वीस दिवसांनी टेम्पोच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. वाईन झाली न्हाय, नासली, येऊन जा.

मला राग आला. वर्षाचं काम हातातनं जाणार असं वाटलं. मी घरात पाय टाकला आणि तिला म्हणलो, "तुझ्या हाताला गुणच न्हाय."

ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं न्हाय. सूप हलायचं थांबलं, परत हलायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बेळगावला गेलो. ती आत आली न्हाय, फाटकाजवळच्या चाफ्याखाली उभी राहिली. फादरनी मला मागच्या खोलीत नेलं, चिनी मातीच्या बरणीवरचं फडकं काढलं. वर हिरवट बुरशी, वास कुजक्या गवताचा.

"द्राक्षं धुतली होती?"

"व्हय. माझ्या बायकूनं. ऊन पान्यात, मीठ-हळद घालून."

मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि हसले. म्हणाले, "चूक माझी, मी सांगितलं नाही. मण्यावर जे पीठ असतं ना, त्यानंच वाईन होते. ते वाऱ्यानं येतं, वेलीवर असतं, तोडणाऱ्याच्या हाताला असतं. बाहेरचं काही घालत नाही म्हणूनच ते लागतं. बाईंना सांगा, धुवायचं नाही. त्यांचा हात लागलेलाच मला पाहिजे."

हे ते वाक्य. त्यांचा हात लागलेलाच मला पाहिजे.

त्या साली चर्चला वाईन विकत घ्यायची पाळी आली. तिथनंच फादर मला घेऊन कॅम्पातल्या एका दुकानात गेले. तिला म्हणलो, थांब इथंच. दुकानदारानं पाच-सहा बाटल्या मांडल्या. फादर एकेक बाटली उजेडाला धरायचे आणि विचारायचे, यात काय काय आहे? दुकानदार म्हणला, "फादर, लाल हाय, गोड हाय, अजून काय पायजे?" त्यांनी एक बाटली फोडायला लावली, थेंब माझ्या बोटावर टाकला आणि वाळू द्या म्हणले. वाळल्यावर बोटाला बोट चिकटलं. "साखर," फादर म्हणले. दुसरीला गोळीच्या सरबताचा वास होता. तिसरीच्या तळाशी थोडा गाळ होता, ती दुकानदार खराब झाली म्हणून मागं सारायला लागला. फादरनी तीच घेतली. मला म्हणले, "गाळ दिसला की घाबरायचं नाही. जे लपवत नाही ते बरं."

आम्ही चर्चच्या फाटकाशी परत आलो. ती चाफ्याखाली तशीच उभी होती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हणलं?"

मी म्हणलो, "धुवायचं न्हाय म्हणलं."

"आनि?"

"आनि काय न्हाय."

झालं एवढंच. वाक्य तोंडात होतं, मी गिळलं. ते सांगितलं असतं तर कालचं माझं बोलणं मागं घ्यावं लागलं असतं, आणि मी त्या वयात बायकोपुढं मागं येणारा माणूस न्हवतो. म्हणलं सांगू कधीतरी. गाडीत संकेश्वर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या साली मळ्यात तिनं पिशवीतनं चिंधी काढली आणि हाताला गुंडाळली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "माझा हात नको लागाया." मी मांडवाच्या दुसऱ्या ओळीत जाऊन तोडायला लागलो.

त्या साली वाईन चांगली झाली. फादर म्हणले, अशी द्राक्षं आजवर कोणी आणली नाहीत, एका मण्याचं पीठ पुसलेलं नाही. मी घरी येऊन म्हणलो, "फादर लई खूश हायत."

ती म्हणाली, "हात लावला न्हाय न्हवं."

तेव्हा सांगायचं होतं. मी हसलो. ती विनोद करते असं मी धरून चाललो, कारण तसं धरणं सोपं होतं. मग एक साल गेलं, दोन गेली. गल्लीतली पोरं मला "काय रं आबा, दारूचा मुकादम" म्हणायची, ती त्यांना आतनं शिव्या घालायची. तिचा खोकला वाढला, वखार सुटली. फादरनी खोकल्यावर घ्यायला वाईनची बाटली दिली, ती फळीवर ठेवून तिनं कधी बूच काढलं न्हाय. मळ्यात यायचं मात्र सोडलं न्हाय. शेवटी शेवटी मांडवाखाली बसून राहायची आणि बोट दाखवायची, तो घड, त्यो न्हवं, त्याच्या मागला. दरसाल चिंधी धुऊन, घडी करून, पिशवीत ठेवायची.

ती उठली न्हाय त्या दिवशी दुपारी तिचं सगळं झालं. संकेश्वराहून लेक आली होती. लोक गेल्यावर लेकीचं लक्ष पाटीकडं गेलं.

"आबा, ही टाकून देऊया. मयताच्या घरातली हायत."

"आपुन तसलं पाळत न्हाय."

"आपुन न्हाय. पर त्यांच्या देवाला द्यायची हायत. निदान धुऊन तरी न्या."

तिचं बोलणं चुकीचं न्हवतं. तिच्या आईनंच शिकवलेलं होतं. मी म्हणलो, "हात लावू नको." लेकीला वाईट वाटलं. ती आत जाऊन रडली. तिला तरी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. न्हाय सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी धरून मी पाटी बेळगावला नेली. फादर आता लई म्हातारे झाले होते, काठी घेऊन चालायचे. त्यांनी चाफ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाई नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मी म्हणलो, "फादर, नासली त्या साली तुमी जे म्हणला हुता, ते मी तिला सांगितलंच न्हाय."

"काय म्हणालो होतो मी?"

त्यांना आठवत न्हवतं. मी वाक्य म्हणून दाखवलं, तरी आठवलं न्हाय. म्हणजे ते माझ्या एकट्याकडंच होतं इतकी वर्षं.

मी मागच्या खोलीत पाटी उतरवली. पाटीच्या कडेला तिची चिंधी होती, पडायला आत जाताना काढून ठेवलेली. जांभळे डाग पडलेली. मी ती हातात धरून विचारलं, "ही आत घातली तर चालंल काय? हिला तिचा हात लागलाय."

फादर म्हणाले, "द्राक्षाशिवाय दुसरं काही घालता येत नाही, बाबा."

बरोबर होतं. दहा वर्षं मीच मळेवाल्यांना हे सांगत आलो होतो. मी चिंधी खिशात ठेवली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. फादरनी सवयीनं हात धुवायला पाण्याच्या बादलीकडं बोट दाखवलं. मी न्हाय म्हणलो. तिची चिंधी ह्याच हातात धरली होती. वरचे घड मी निवडलेले होते, ठिकठिकाणी बोटं उठलेली. ते बाजूला काढले. खाली तिचे होते, देठाला धरून एकावर एक ठेवलेले, पीठ जसंच्या तसं. आधी ते बरणीत घातले आणि दोन्ही हातांनी चेचायला लागलो.