अनवाणी रिपोर्ट

इनामदार काका गेटच्या आत आले की पहिल्यांदा बूट काढायचे. मोजे काढून बुटांत खोचायचे, पँट दोन घड्या वर करायची आणि दवाने ओल्या गवतावरून सरळ चालत सुटायचे. दिल्लीची जानेवारीची थंडी असो की जूनमधली तापलेली माती, यात फरक नाही. बारा एकरांची ती फेरी व्हायला पाऊण तास लागायचा. परत आले की बाकावर बसून तळपाय पुसायचे आणि जो समोर असेल त्याला विचारायचे, "बोल, तुझ्या पायांची रिपोर्ट काय?"

मी पहिल्या दिवशी समोर होतो. पायांत चपला होत्या. म्हणालो, "काही नाही काका, ठीक आहे."

"पाय बांधून ठेवलेत, ते काय बोलणार?" ते म्हणाले. "काढ."

गाझियाबादच्या पुढे एका संस्थेची ही जागा. आंब्याची जुनी झाडं, मधे मोठं लॉन, मागे नाल्याकडे उतरत जाणारी पडीक जमीन. तिथे माळी म्हणून मला नोकरी लागली होती आणि आवारातच एक खोली मिळाली होती. परभणी जिल्ह्यातून आलेला, आठवी सोडलेला माणूस मी. बायको गावाकडे. ही खोली गेली तर या शहरात मला ओळखणारा एकही दरवाजा नव्हता. त्यामुळे मी सगळ्याला हो म्हणायचो. संस्थेच्या सेक्रेटरी, आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो, त्यांनी मुलाखतीत विचारलं होतं, "मराठवाड़ा से हो? तो खेती की होगी. ट्रैक्टर चला लेते हो?" मी मान हलवली. खरं म्हणजे माझे वडील शिंपी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मी दोनदा बाजाराला गेलो होतो, एवढाच माझा ट्रॅक्टर.

काका मूळचे साताऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या बागखात्यात सगळी नोकरी, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं, आणि रिटायर झाल्यावर मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. "आयुष्यभर सरकारची जमीन सांभाळली आणि शेवटी कुंड्या मिळाल्या," असं म्हणून हसायचे. मग आठवड्यातले तीन दिवस मेट्रो आणि शेअर ऑटो करून आमच्याकडे यायचे. संस्था त्यांना सल्लागार म्हणायची. ते स्वतःला "बिनपगारी फिरस्ता" म्हणायचे. त्यांनी पायाच्या अंगठ्याने माती दाबली की पाणी द्यायचं की नाही हे कळायचं. एकदा लॉनच्या मधोमध थांबून म्हणाले, "इथं खाली पाइप फुटलाय." वर गवत कोरडं ठणठणीत. आम्ही दोन हात खणलं. पाइप फुटलेला होता. मी त्या खड्ड्याकडे बघायचं सोडून त्यांच्या पायांकडे बघत राहिलो होतो.

पुढच्या फेब्रुवारीत मॅडमनी ठरवलं की जागेसाठी एक मशीन घ्यायचं. गवत कापणं, शेणखत वाहणं, नाल्याकडच्या रोपांना पाणी पोचवणं, सगळं हाताने चाललं होतं. दोन गोष्टी समोर आल्या. एक एटीव्ही: चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यासारखं पाय टाकून बसायचं. दुसरा बागेचा बुटका ट्रॅक्टर, पोटाखाली गवत कापायची पाती. दोन्ही विक्रेत्यांनी एकाच दिवशी मशीन आणून दाखवायचं कबूल केलं.

एटीव्हीवाला आदल्या दिवशी जागा बघायला आला तेव्हा मॅडमना सांगून गेला, "मैडम, तीन माली का काम एक आदमी करेगा." आम्ही तीन माळी होतो. बाकीचे दोघे इथलेच, पंधरा वर्षांपासूनचे जुने. जाणारा कोण आणि राहणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सकाळी काका फेरी मारून आले आणि मॅडमना म्हणाले, "चलाके दत्ता देखेगा. दोनों."

दत्ता म्हणजे मी. मी त्यांना आंब्याखाली गाठलं. "काका, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. माझी तब्येत जरा…"

"तब्येत उत्तम आहे. घाबरलायस."

"पडलो तर?"

"पडणार नाहीस. मी आहे ना बाजूला, यार." ते हे 'यार' अगदी दिल्लीवाल्यासारखं म्हणायचे.

त्यांनी तीन कामं लावली. लॉनवर आंब्यांच्या बुंध्यांभोवती गवत कापायचं. शेणखताची ट्रॉली नाल्याच्या उतारावरून खाली न्यायची. आणि खालच्या चिखलातून रिकामी वर आणायची. "शोरूम में तो हर गाड़ी सयानी होती है," ते मॅडमना म्हणाले, "अपने यहाँ का काम कराके देखते हैं."

लॉनवर आधी एटीव्ही. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलं. सरळ रेषेत ती अशी पळाली की माझं मलाच हसू आलं. पण बुंध्यापाशी वळताना मागचं यंत्र भलतीकडेच जायचं, वळणावर टायर गवत उपटायचे, आणि मी उंच बसल्यामुळे फांद्या थेट तोंडावर. बुटका ट्रॅक्टर मात्र बैलासारखा सावकाश, झाडाभोवती गोल फिरून मोकळा झाला. काका मागून अनवाणी चालत होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाय ठेवून थांबले. "गवत लगेच उठतंय," म्हणाले.

मग उतार. एटीव्हीला भरलेली ट्रॉली लावली. निम्म्या वाटेवर ट्रॉली मागून ढकलायला लागली. शेणखताचं सगळं वजन माझ्या पाठीवर आल्यासारखं झालं. मागची बाजू सरकली, डावं चाक जमिनीवरून उठलं. मला ब्रेक आवळावासा वाटला. तेवढ्यात वरच्या बाजूने काकांचा आवाज आला. ओरडले नाहीत, बाकावर बसून बोलायचे तसाच आवाज.

"दत्तोबा, ब्रेक आवळू नकोस. हळूहळू. गिअर खालचाच राहू दे. हँडल सरळ. नाल्याकडे बघू नकोस, त्या शेवग्याकडे बघ. बस्स. अंग वरच्या बाजूला टाक. आणखी. बिल्कुल बरोबर."

सत्तर वर्षांचा माणूस काट्याकुट्यांतून अनवाणी माझ्या बरोबरीने उतरत होता आणि त्याचा श्वास चढला नव्हता. चाक खाली टेकलं. मी शेवग्यापाशी जाऊन थांबलो तेव्हा माझे हात हँडलवरून सुटेनात. काकांनी एकेक बोट सोडवलं.

खालच्या चिखलातून मात्र एटीव्ही खेळत वर आली. एटीव्हीचा प्रकार बघून ट्रॅक्टरची ट्रॉली अर्धीच भरली; तो उतरला नीट, पण चिखलात पोटावर बसला. तो चौघांनी ओढून काढला.

मॅडमनी मला बोलावलं. दोन्ही विक्रेते उभे, दोन्ही माळी उभे. "दत्ता, तुम तो ट्रैक्टर वाले आदमी हो. बोलो, कौन सा?"

खोटं एकदा मान हलवून बोललो होतो. आता तोंडाने बोलावं लागणार होतं. मी काकांकडे पाहिलं. ते तळपाय पुसत होते. एक काटा शोधत होते.

मी म्हणालो, "मॅडम, मैंने कभी ट्रैक्टर नहीं चलाया. आज पहली बार. मेरे पिताजी दर्जी हैं."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा कडक झाला. "झूठ बोलकर नौकरी ली?"

"झूठ तो है," काका खालूनच म्हणाले. "पर मॅडम, पूछा हमने भी कहाँ था? मराठवाड़ा सुना और किसान समझ लिया." मग काटा निघाला. तो त्यांनी नीट बघितला आणि टाकला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," हे मराठीत, माझ्याकडे बघून. "बाकावर बसलास की तुझे पाय पायडलवर असल्यासारखे हलतात. शिलाई मशीनवर वाढलेला माणूस आहेस तू."

मी थक्क होऊन माझ्या पायांकडे बघितलं. ते हलत नव्हते, पण मला खात्री पटली.

"मग मला बसवलंत कशाला?"

याचं उत्तर त्यांनी मॅडमना दिलं. "जिसे चलाना आता है, वो मशीन की गलती अपने हाथ से ढक लेता है. जिसे नहीं आता, उसके नीचे मशीन जैसी है वैसी दिखती है. इसलिए यही चाहिए था. अब पूछिए इससे. दोनों के बारे में आज सच यही अकेला बता सकता है."

मी सांगितलं. चिखलात आणि खडबडीत जमिनीवर एटीव्हीला तोड नाही. पण तिला अंगाने सांभाळावं लागतं, आणि भरलेल्या ट्रॉलीपुढे ती हलकी पडते. ट्रॅक्टर चिखलात फसतो, पण आपण घाबरलो तरी तो घाबरत नाही. मॅडम काकांकडे वळल्या. काका म्हणाले, "घास हर हफ्ते बढ़ती है. नाले पे साल में कितनी बार जाते हैं? जो काम रोज का, मशीन उसकी."

ट्रॅक्टर घेतला. उतारावरचं खत आम्ही पूर्वीसारखंच हातगाडीने, दोघं मिळून नेत राहिलो, म्हणून तिघांपैकी कुणाला जावं लागलं नाही. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "अब सीख लो." मी शिकलो. आज तो ट्रॅक्टर मीच चालवतो, बायकोही इथेच असते.

काका गेल्या थंडीत गेले. मयूर विहारहून फोन आला आणि आम्ही तिघे माळी कब्रस्तानात पोचलो. प्रत्येकाने तीन मुठी माती द्यायची असते, असं त्यांच्या जावयांनी सांगितलं. ते दिल्लीतच वाढलेले, मराठी जेमतेम. माझी पाळी आली तेव्हा मी बाजूला जाऊन बूट काढले, मोजे बुटांत खोचले. माती थंड होती, वरून सुकी, टाच रुतली की खाली ओल. यमुनेची बारीक रेती मिसळलेली, पाणी धरणारी, मुळांना सोपी जाणारी. मी तीन मुठी टाकल्या आणि वाकून हळू बोललो.

"क्या कहा आपने?" जावयांनी विचारलं.

"रिपोर्ट दी," मी म्हणालो.